बुऱ्हाणपूर दरवाजाच्या बाजूने

पहाटे 5
नळाला पाणी आलं की खालच्या मजल्यावरच्या सगळ्या मोटरी एकदम घुमू लागतात. लिंबायतमध्ये राहणाऱ्याला वेगळा गजर लावावा लागत नाही. आज मी त्याआधीच उठून बसले होते. सातवी-आठवीच्या पोरांना घेऊन दिवसभर शहर दाखवायचं आहे. सहल म्हटली की पालकांच्या डोक्यात दोनच जागा असतात, वॉटर पार्क नाहीतर देवस्थान. या वेळी मी हट्टाने सुरतच मागून घेतली. किल्ला, फिरंग्यांची कबरस्तानं आणि सरदार संग्रहालय. वर्गातल्या पोरांचा जन्म सुरतेचा, पण बहुतेकांनी तापीचं पात्र गणपती विसर्जनाशिवाय पाहिलेलं नाही.

आमची शाळा महापालिकेची, मराठी माध्यमाची. पुस्तकं मराठीतच, पण छापलेली गुजरातच्या पाठ्यपुस्तक मंडळाने. सिद्धराज जयसिंहाचा धडा मराठीत वाचणारी आणि घरी अहिराणी बोलणारी ही मुलं दुपारी दुकानदाराशी गुजराती बोलतात आणि आपसात भांडतात हिंदीत. परीक्षेला त्यांना एकाच भाषेत लिहायला लागतं, याचं मला कधीकधी वाईट वाटतं.

सकाळी 7
रात्रपाळी सुटली आहे. खात्यातून परतणारे लोक अंगावर सुताची पांढरी लव घेऊन चहाच्या टपरीवर उभे आहेत. इथे कारखाना कोणी म्हणत नाही, खातंच म्हणतात. लूमवर बारा तास उभं राहिलेला माणूस हळू आवाजात बोलत नाही. त्याला स्वतःचंच ऐकू येत नाही. ओळीतल्या बायका उंबऱ्यावर बसून साड्यांचे धागे कापायला लागल्या आहेत. एकीने कात्री बाजूला ठेवून संमतीपत्रावर सही केली आणि म्हणाली, “पोऱ्याले जपज्यात बरं, बाई.” सही करून झाली तरी तिच्या बोटाला चिकटलेली टिकली कागदावर राहिलीच. मी ती काढली नाही.

मदतीला एक आबा येणार आहेत. आठवीतल्या मुलाचे आजोबा. उधन्याला पस्तीसेक वर्षं लूम चालवून आता घरी बसलेले. डाव्या कानाने जवळपास काहीच ऐकू येत नाही, म्हणून पोरं त्यांच्या उजव्या बाजूने चालतात. हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही.

सकाळी 9
बस गरनाळ्यातून पलीकडे निघाली. पावसाळ्यात हेच गरनाळं भरतं आणि लिंबायत उरलेल्या शहरापासून तुटतं. आज जानेवारी आहे, रस्ता कोरडा आहे. उत्तरायण तोंडावर आल्याने रस्त्याकडेला मांजा सुतवणाऱ्यांच्या चरख्या फिरताहेत आणि मुलांच्या माना खिडकीबाहेर आकाशाकडे. रिंग रोड लागला तेव्हा मात्र सगळे आत वळले. कापड मार्केटांच्या त्या उंच इमारती ही त्यांची ओळखीची जागा. माझ्या आईचा माल इथून येतो, माझे पप्पा त्या मार्केटात पार्सल बांधतात, माझा मामा तिथे हातगाडीवर ताके ओढतो. मी काही सांगायच्या आतच अर्धी सहल झाली.

सकाळी 10
चौकातला किल्ला. महापालिकेने गेल्या काही वर्षांत त्याची डागडुजी करून आत दालनं मांडली आहेत. मी लहान असताना हा किल्ला म्हणजे सरकारी कचेऱ्यांनी भरलेली एक पडीक जागा, एवढीच ओळख होती. आता तटावर उभं राहून तापी दिसते. सुरत बघायला येणाऱ्या कोणालाही मी आधी इथेच पाठवीन.

किल्ला का बांधला, हे सांगायला मला समुद्राकडून सुरुवात करावी लागते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गोव्यात बसले आणि गुजरातच्या बंदरांना त्यांचा त्रास सुरू झाला. 1512, 1530 आणि 1531 अशी तीनदा त्यांनी सुरत जाळली. मग अहमदाबादच्या सुलतान महमूदशहा तिसरा याने हे काम खुदावंद खान नावाच्या सरदाराकडे सोपवलं. 1540 ते 1546 या काळात किल्ला उभा राहिला. दगड लोखंडी पट्ट्यांनी एकमेकांत अडकवून सांध्यांत वितळलेलं शिसं ओतलं, आणि काम थांबवण्यासाठी पोर्तुगीजांनी लाच देऊ केली, असं जुन्या तवारिखांत सांगितलं आहे. लाच म्हटल्यावर मुलं हसली. तेवढा भाग त्यांना नीट कळला.

पुढे 1573 मध्ये अकबराने वेढा घालून किल्ला घेतला आणि 1759 मध्ये तो इंग्रजांकडे गेला. मधल्या दोनशे वर्षांत सुरत म्हणजे मुघलांचं मुख्य बंदर, हजला जाणाऱ्यांची वाट, आणि जगभरच्या व्यापाऱ्यांचा तळ. विल्यम हॉकिन्सचं ‘हेक्टर’ जहाज 1608 मध्ये तापीच्या मुखाशी आलं. इंग्रजांची हिंदुस्थानातली पहिली पक्की वखार इथलीच.

एवढं ऐकेपर्यंत मुलं शांत होती, कारण ती एकाच गोष्टीची वाट पाहत होती. शेवटी एकाने विचारलंच, “बाई, महाराज कुठून आले?”

सुरतेत मराठी वर्गाला इतिहास शिकवताना या प्रश्नाला बगल देता येत नाही. लिंबायतच्या गल्लीत शिवजयंतीची मिरवणूक निघते आणि गल्ली ओलांडली की शेजारचा माणूस महाराजांच्या सुरतेवरच्या स्वारीला नुसती लूट म्हणतो. मी दोन्ही बाजू एकाच वहीत लिहायला लावते. शाहिस्तेखान 1660 पासून तीन वर्षं पुण्यात ठाण मांडून होता, मुलूख उजाड झाला होता, आणि मुघलांच्या तिजोरीचं तोंड सुरतेत होतं. 6 जानेवारी 1664 ला सकाळी अकराच्या सुमारास शिवाजी महाराज शहराबाहेर पोचले. सुभेदार इनायतखान या किल्ल्यात येऊन लपला. शहराला तेव्हा धड तटही नव्हता. किल्ल्यावरून त्याने तोफा डागल्या, त्यांनी मराठ्यांपेक्षा सुरतकरांच्याच घरांचं जास्त नुकसान केलं. वीरजी वोरासारख्या सावकारांची घरं रिकामी झाली. कापुचिन पाद्री अँब्रोज यांच्या मठाला आणि दानधर्मासाठी नावाजलेल्या, डचांचे दलाल असलेल्या मोहनदास पारेख यांच्या घराला धक्का लागला नाही. आणि ज्यांची घरं जळली त्यांत लढाईशी काही संबंध नसलेली माणसंही होती. 1670 च्या ऑक्टोबरात हे पुन्हा घडलं. हे सगळं सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, “मग आपण सुरतचे की महाराजांचे?” मी म्हटलं, घरपट्टी कुठे भरतो ते घरी जाऊन विचार.

पण मला त्यांना दाखवायची होती ती दिशा. महाराजांचा तंबू पडला तो बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर, पाव मैलावरच्या एका बागेत. बुऱ्हाणपूर दरवाजा म्हणजे शहराचा पूर्वेचा दरवाजा. सुरतेतून निघून बारडोली, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा रस्ता खानदेशातून बुऱ्हाणपूरला जायचा. इंग्रज राजाचा वकील थॉमस रो 1615 मध्ये याच वाटेने गेला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए गेला. माल याच वाटेने यायचा. पोरांपैकी निम्म्यांची गावं या यादीत आहेत किंवा यादीपासून पाच-दहा कोसांवर. चोपड्याचं नाव आलं तेव्हा मागच्या रांगेतला एक उडालाच. “बाई, आमनं गाव! तो गोरा आमना गावले उना व्हता?” मी हो म्हटलं. मग त्याने थॉमस रो हे नाव वहीत दोनदा लिहिलं. किल्ल्याच्या बांधकामाचं साल त्याने एकदाही लिहिलं नव्हतं.

दुपारी 12
बसमधून मुगलीसरा दाखवला. 1644 मध्ये, शाहजहानच्या काळात बांधलेला मुसाफिरखाना. परगावचे प्रवासी, हजचे यात्रेकरू इथे उतरायचे. आज तिथे महानगरपालिकेचं मुख्यालय आहे. बाहेरून आलेल्यांना ओटा देण्यासाठी बांधलेल्या इमारतीतून आज अख्ख्या शहराचा कारभार चालतो. माझ्या पगाराची फाईलही तिथूनच पुढे सरकत असावी.

नदीकाठी डबे उघडले. जानेवारी म्हणजे भरिताचे दिवस, त्यामुळे दर तिसऱ्या डब्यात हिरव्या वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, नाहीतर पुऱ्या. काहींनी लोचो आणला होता. पोंकच्या हंगामाची गर्दीही काठावर दिसत होती. ज्वारीचा तो हिरवा हुरडा लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर खाणारे सुरती आणि हुरडा म्हटल्यावर शेतच आठवणारे आबा, दोघांचं जेवण एकच.

आबांना मी बोलतं केलं. 1972 च्या दुष्काळात ते सुरतेला आले. गावातला एक पाटील आधीच खात्यात होता, त्याच्या शब्दावर. पॅसेंजर गाडी, एक लोखंडी पेटी, पेटीत दोन सदरे, घोंगडी आणि आईने बांधून दिलेले बिबडे. नवापूरच्या फलाटावर गाडी थांबली तेव्हा कोणीतरी सांगितलं की स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. आबा उतरून मुद्दाम या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले. जमिनीत काहीच फरक नव्हता, असं ते म्हणतात. पहिले काही महिने खात्यातच, दोन लूमच्या मधल्या बोळात झोपले. मशीन बंद झालं की जाग यायची.

ही लोहवाट तापी व्हॅली रेल्वेने घातली, सुरत ते अमळनेर, 1900 च्या सुमारास. कापसाच्या गाठी वाहायला घातलेल्या या लाइनवरून पुढे माणसं आली. मीही त्याच लाइनची. आबांनी 1994 चा प्लेगही सांगितला. सप्टेंबरात एका रात्रीत शहर रिकामं होऊ लागलं. स्टेशनवर पाय ठेवायला जागा नाही, ते डब्याच्या दारात लटकून गावी गेले. थोड्याच दिवसांत परत आले, कारण पंधरवड्याचा हिशेब खात्यात अडकला होता. मग 2006 चा ऑगस्ट, उकाई धरणाचं पाणी सुटलं आणि शहर बुडालं ते. मुलं लोचो खायची थांबली होती. सकाळपासून मी सांगितलेल्या इतिहासावर कोणी एवढे प्रश्न विचारले नव्हते.

दुपारी दीड
कतारगाम दरवाज्याजवळची इंग्रज आणि डच कबरस्तानं. सुरतेत राहून इथे न आलेली माणसं मला रोज भेटतात. त्यांना माझं सांगणं आहे की ताजमहाल नंतर बघा. पुरातत्त्व खात्याने जपलेली ही जागा पाहून पहिल्यांदा कोणालाही वाटतं तेच मुलांना वाटलं. हा कोणत्या पीराचा दर्गा? घुमट, कमानी, खांब, वर जाणारा जिना. आत आहेत ऑक्झेंडन बंधू. ख्रिस्तोफर 1659 मध्ये वारला आणि सर जॉर्ज 1669 मध्ये. याच जॉर्ज ऑक्झेंडनने 1664 मध्ये इंग्रज वखार राखली होती. जॉर्ज गेल्यावर ख्रिस्तोफरच्या कबरीभोवतीच त्याचा दुमजली मकबरा चढवला. व्यापार करायला आले आणि मेल्यावर इथल्याच धाटणीचं घर बांधून राहिले.

इंग्रजांहून मोठं आपलं हवं म्हणून डचांनी बॅरन व्हान रीडचं थडगं बांधलं, असं म्हणतात. अष्टकोनी, दोन मजली. हेंड्रिक व्हान रीड 1691 मध्ये सुरतेकडे येताना जहाजावरच वारला. मलबारात असताना त्याने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा वनस्पतींचा 12 खंडी ग्रंथ करवून घेतला होता. त्याला माहिती देणाऱ्यांत वैद्य इट्टी अच्युतन होता आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट हे तीन कोकणी वैद्यही होते. 1678 च्या पहिल्या खंडात या तिघांचं कोकणी प्रमाणपत्र नागरी अक्षरांत छापलेलं आहे. पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोवा सोडून कोचीनला गेलेल्या समाजातले हे लोक. गोव्याचे कोकणी कोचीनला, हॉलंडचा बॅरन सुरतेला. मुलांना वनस्पतींत रस नव्हता, पण नागरीतलं कोकणी एका डचाच्या पुस्तकात कसं गेलं, हे त्यांना पटवून द्यायला मला बराच वेळ लागला.

आबा थडग्याच्या दगडी पायरीवर हात फिरवत होते. “आम्हना टाइमले असं काहीच नही व्हतं,” ते म्हणाले. त्यांना म्हणायचं होतं की लूमवर मेलेल्याचं नाव कुठे कोरत नाहीत. गावी कळवायचे आणि त्याच रात्रीच्या गाडीने नेऊन पोचवायचे.

दुपारी साडेतीन
सिटी लाइटचं सायन्स सेंटर. सरदार पटेल संग्रहालय आता याच आवारात आहे. मूळचं ते विंचेस्टर म्युझियम, 1890 चं, म्हणजे या भागातलं जुन्यांपैकी एक. चिनी मातीची भांडी, लाकडी कोरीव काम, नाणी, कापड, हस्तलिखितं. मी भांड्यांपाशी रेंगाळले आणि पोरं विज्ञानाच्या खेळण्यांकडे पळाली. पळू दिलं. सकाळपासून पुष्कळ ऐकून घेतलं होतं त्यांनी. सोमवारी सायन्स सेंटर बंद असतं, तेवढं लक्षात ठेवून जा.

परतीच्या घाईत एक गोष्ट मनात राहिली. सुरतेचा इतिहास सांगताना सगळ्यांचं तोंड समुद्राकडे असतं. पोर्तुगीज आले, इंग्रज आले, डच आले, आर्मेनियन आले. त्यांची नावं आहेत, सालं आहेत, घुमट आहेत. पूर्वेच्या दरवाज्याने आलेल्यांची एक पेटी, एक लूमची धोटी, गावी पाठवलेल्या मनीऑर्डरची एक पावती मला आजवर कुठल्या काचेमागे दिसलेली नाही. राजकारणाने आमची दखल केव्हाच घेतली. 2012 पासून लिंबायतच्या आमदार संगीता पाटील आहेत, आणि नवसारीचे खासदार सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले. मतदार यादीत आम्ही आहोत. पण यादी म्हणजे इतिहास नव्हे.

संध्याकाळी 6
बुऱ्हाणपुरी भागळच्या बाजूने बस आणायला लावली. नाव अजून टिकून आहे, दरवाजा नाही. मुलं झोपलेली. लिंबायतला उतरल्यावर हजेरी झाली, सगळे हजर, एकाची पाण्याची बाटली किल्ल्यावर राहिली.

रात्री साडेनऊ
सहलीचा अहवाल लिहायला बसले आणि डेन्व्हरहून भाच्याचे फोटो आले. तो तिथे नोकरीला आहे आणि सुट्टीत दक्षिण कोलोरॅडोत गेला होता. सान लुईस नावाचं गाव. 1851 मध्ये न्यू मेक्सिकोतून वर सरकलेल्या स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांनी वसवलं, राज्यातलं सगळ्यात जुनं. दुसऱ्याच वर्षी त्यांनी नदीचं पाणी वळवून पाट खोदला, आणि त्याचा पाणीहक्क कोलोरॅडोत सगळ्यात जुना मानला जातो. अशा पाटांवर मायोर्दोमो नावाचा माणूस नेमतात, तो कोणाला कधी पाणी ते ठरवतो. गावात त्या पहिल्या लोकांचं छोटं संग्रहालय आहे. नातवंडांनी आपल्या आजीच्या वस्तू आणून ठेवल्या. सांता फेजवळ तर एल रांचो दे लास गोलोंद्रिनास हा अख्खा जुना वाडा तसाच चालता ठेवला आहे, 1972 पासून लोकांसाठी खुला. दळतात, विणतात, भाकऱ्या भाजून दाखवतात.

पाटाचं वाचून मी हसले. धुळ्याच्या पांझरेवर फडाची पद्धत अशीच चालते, तीनशे-चारशे वर्षं. बंधारा, पाट, फड, पाणी सोडणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या. लिंबायतच्या माझ्याच गल्लीत फडावर वाढलेली माणसं राहतात आणि त्यांच्या नातवांना पाणी म्हणजे पहाटे 5 चा नळ एवढंच माहीत आहे.

आपल्याकडे अशी जागा अगदीच नाही असं नाही. गावी गेलात तर धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ बघा. इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या अखेरीस गेले आणि पुढच्याच वर्षी मंडळ उभं राहिलं. त्यांचे दप्तर-कागद, मूर्ती, सगळं तिथे आहे. जळगावात बहिणाबाईंचा चौधरी वाडा बघा, तिची रोजच्या वापरातली भांडी-अवजारं जपून ठेवली आहेत. एका शेतकरणीच्या जात्याला संग्रहालयात जागा मिळू शकते, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. पुण्यात केळकर संग्रहालय आहेच. एका माणसाने दारोदार फिरून अडकित्ते, दिवे, पेटारे जमवले आणि 1975 मध्ये राज्याला देऊन टाकले. मोठ्या इमारतीची वाट पाहिली असती तर तो एकही अडकित्ता राहिला नसता.

म्हणून आम्हीही वाट पाहणार नाही. शाळेत एक कपाट रिकामं करून घेतलं आहे. आबांनी पेटी द्यायचं कबूल केलं आहे, फक्त आत ठेवलेलं जुनं रेशनकार्ड सुनेला शोधून द्यायला सांगितलंय. तुमचं घर लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा कुठेही असो, तुमच्याकडे पहिल्यांदा सुरतेला कोण आलं, कोणत्या साली, कोणत्या गावाहून, कोणाच्या शब्दावर आणि पहिल्या रात्री कुठे झोपलं, एवढं एका कागदावर लिहा. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला सांगा आणि कागद शाळेत पाठवून द्या. पहिली पिढी अजून आहे, उजव्या कानाशी जाऊन विचारलं की सांगते.